शाळेच्या खुणा आणि शब्दकोशातल्या खुणा

पत्र (थोडक्यात): मी मराठवाड्यातल्या एका निवासी कर्णबधिर विद्यालयात विशेष शिक्षिका आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार देऊन मुख्याध्यापकांनी ठरवलंय की जूनपासून वर्गात आणि वसतिगृहात फक्त दिल्लीच्या सांकेतिक भाषेच्या शब्दकोशातल्या खुणा वापरायच्या. आमच्या मुलांच्या वारांच्या, रंगांच्या, नात्यांच्या खुणा वेगळ्या आहेत, त्या ‘सुधारायच्या’. नव्या खुणांचे फ्लेक्सही छापायला द्यायचे आहेत. माजी विद्यार्थ्यांना हे कळलं आणि ते फार चिडले. एक जण म्हणाला, ‘आधी हात चालवले म्हणून मार खाल्ला, आता हात चुकीचे चालतात म्हणता.’ पण मुलांना उद्या कॉलेजात, कोर्टात, दवाखान्यात दुभाषी समजला पाहिजे, हेही मला पटतं. मी काय करू?

ताई, नमस्कार.

शब्दकोश शाळेत जरूर आणा. मुलांची एकही खूण मात्र त्यासाठी काढून टाकू नका. दोन्ही खुणा येणारं मूल तयार करणं जमण्यासारखं आहे, आणि ते एक खूण पुसून दुसरी बसवण्यापेक्षा सोपंही आहे. कसं, ते सांगतो. आधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा कागद.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला ४.२२ क्रमांकाचा परिच्छेद काढा. पहिल्या वाक्यात म्हटलंय की भारतीय सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण होईल आणि त्या भाषेत राष्ट्रीय व राज्य पातळीवरचं अभ्यास साहित्य तयार होईल. बहुतेक जण इथेच थांबतात. लगेच पुढचं वाक्य असं आहे की स्थानिक सांकेतिक भाषांचा मान राखला जाईल आणि जिथे शक्य व उचित असेल तिथे त्या शिकवल्याही जातील. म्हणजे ज्या धोरणाचा आधार देऊन मुलांच्या खुणा काढायचं चाललंय, ते धोरण तसं सांगतच नाही. शब्दकोशही सांगत नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये ३,००० शब्दांची निघाली, पुढच्या वर्षी ६,००० झाले आणि १७ फेब्रुवारी २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आले. त्यात वेगवेगळ्या भागांतल्या प्रादेशिक खुणाही घेतल्या आहेत. ‘एका शब्दाला एकच खूण’ हा हट्ट शब्दकोश करणाऱ्यांचा नसून तो वाचणाऱ्यांचा आहे.

आता फरक नेमका कशात आहे ते पाहू, कारण इथे घाबरायला होतं तेवढं काही नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर या चार शहरांतल्या खुणा ताडून पाहिल्या. सुमारे ७५ टक्के खुणा एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या. पुढे भाषातज्ज्ञ उलरिके झेशान यांनी व्याकरण अभ्यासलं, तेव्हा कराची आणि दिल्लीचं व्याकरणही जवळजवळ एकच असल्याचं दिसलं. नाकावर चमकीच्या जागी बोट नेलं की बाई, मिशीवरून नेलं की पुरुष, हे तुमच्या वसतिगृहातल्या मुलालाही कळतं आणि दिल्लीतल्यालाही. फरक पडतो तो ठरावीक कप्प्यांत: वार, महिने, रंग, आकडे, नाती, खाण्याचे पदार्थ, शाळेतले विषय, सण. या कप्प्यांतल्या खुणा त्या त्या शाळेत, तिथल्याच मुलांत घडतात आणि मोठ्यांकडून धाकट्यांकडे जातात. बहुसंख्य बधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणून त्यांची भाषा घरून येत नाही, शाळेतून येते. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला शाळेने प्रमाण मराठी शिकवली तरी त्याची बोली घरी आजीजवळ शाबूत राहते. तुमच्या मुलांची आजी म्हणजे वसतिगृहच. तिथेही बंदी घातली तर त्या खुणा जगायला दुसरी जागा उरत नाही. मुख्याध्यापकांच्या आदेशातला ‘वसतिगृहात’ हा शब्द आम्हाला सगळ्यांत जास्त खटकतो.

माजी विद्यार्थी का चिडले, तेही यातच आलं. बधिरांच्या शिक्षणावर १८८० मध्ये मिलानला झालेल्या परिषदेनंतर जगभर ओरल पद्धत आली. बोलायला शिकवायचं, ओठ वाचायला शिकवायचं आणि हात बांधायचे. आपल्याकडच्या शाळाही अनेक दशकं याच वाटेने गेल्या. तेव्हा ही भाषा वर्गाबाहेर, जेवणाच्या रांगेत, रात्री दिव्याखाली टिकली. ती मुलांनी टिकवली, शाळेने नाही. आता तीच शाळा म्हणते की हात चालवा, पण आम्ही सांगतो तसे. खूण कुणी ठरवायची, हा मूळ प्रश्न आहे. शुक्रवारची कोणती खूण बरी, हा त्यांचा प्रश्न नाही.

प्रमाणीकरण जिथे फसलं आणि जिथे बरं जमलं, दोन्हीकडचा फरक यावरच ठरला. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या काब्रा भागात मुलींची बधिर शाळा १८४६ मध्ये आणि मुलग्यांची १८५७ मध्ये निघाली. दोन्ही शाळा वेगळ्या, त्यामुळे रोजच्या वापरातल्या शब्दांनाही मुलींच्या खुणा वेगळ्या आणि मुलग्यांच्या वेगळ्या झाल्या. शाळा सुटल्यावर मुली मुलग्यांच्या खुणा उचलत. स्वतःच्या खुणा त्या फक्त बायकांबायकांत वापरत, कारण चारचौघांत पुरुषांच्याच खुणा चालत. मग समिती बसली, एकसारख्या खुणा ठरल्या आणि १९७९ मध्ये कोश निघाला. त्यात समितीने नव्याने घडवलेल्या बऱ्याच खुणा होत्या. मोठ्या बधिर माणसांनी त्या फारशा उचलल्याच नाहीत. नेदरलँड्समध्ये सरकारने भाषेला मान्यता देण्यासाठी आधी प्रमाणीकरण करा अशी अट घातली. १९९९ ते २००२ या काळात बधिर आणि भाषातज्ज्ञ मंडळींनी मिळून ५,००० खुणा ठरवल्या, निम्म्या रोजच्या आणि निम्म्या शिक्षणासाठीच्या. नवं काही घडवण्यापेक्षा पाच भागांत जे चालतं त्यातूनच निवडायचं धोरण होतं, आणि वापर मुख्यतः शाळांच्या साहित्यात. आपसात बोलताना मोठ्यांच्या खुणा तशाच राहिल्या. म्हणून ते बऱ्यापैकी चाललं. (मान्यतेचा कायदा मात्र लागू झाला जुलै २०२१ मध्ये. अट पूर्ण केली म्हणून सरकार लगेच शब्द पाळतं, असं समजू नये.) शेजारच्या बेल्जियममधल्या, डचभाषक फ्लँडर्सच्या बधिर संघटनांनी तर वरून लादलेलं प्रमाणीकरण नको, भाषा आपोआप जवळ येऊ दे, असं ठरवलं. तरीही त्यांच्या भाषेला २००६ मध्येच मान्यता मिळाली.

आता कामाचं.

फ्लेक्सच्या आधी शाळेच्या खुणांची नोंद करा. दीडशे ते दोनशे शब्द पुरेत. ते वर सांगितलेल्या कप्प्यांतूनच निवडा. ‘पाणी’, ‘जेवण’, ‘झोप’ यांत वेळ घालवू नका. शब्द लिहून दाखवू नका, चित्र किंवा वस्तू दाखवा. लिहिलेला शब्द दिसला की मूल बोटांनी अक्षरं काढतं किंवा बाईंना आवडेल अशी खूण तिथल्या तिथे जुळवून देतं. वार-महिन्यांसाठी कॅलेंडरवर बोट ठेवा. तीन वयांचे लोक घ्या: तिसरी-चौथीतली मुलं, आठवी ते दहावीतली मुलं आणि चाळिशी ओलांडलेले माजी विद्यार्थी. प्रत्येक गटात किमान चार जण, मुलगे-मुली दोन्ही. एकेकाला वेगळं बसवा. चौघांना एकत्र बसवलं की पहिला जे करतो तेच बाकीचे करतात, आणि फरक होता हे कळतच नाही.

चित्रीकरण फोनवर होतं, पण चार गोष्टी बिघडतात. फोन आडवा आणि स्टँडवर हवा. चौकटीत डोक्याच्या वीतभर वरपासून कमरेपर्यंत दिसलं पाहिजे आणि दोन्ही कोपर बाजूला पसरले तरी आत राहिले पाहिजेत. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो, आणि चेहरा गेला की प्रश्न, नकार, जोर सगळंच जातं. उजेड समोरून घ्या. चौथी गोष्ट वेगाची: सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चौकटी (60 fps) निवडा, नाहीतर झपकन होणारी हालचाल धुरकट येते. कपडे साधे आणि त्वचेच्या रंगाहून वेगळे असावेत, चौकड्यांचा शर्ट नको. प्रत्येक खूण दोनदा घ्या, एकदा सुटी आणि एकदा वाक्यात. सुटी खूण मूल सावकाश, नीटनेटकी करतं. खरा आकार वाक्यात दिसतो.

पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाला त्याच्याच भाषेत विचारा. फाइलच्या नावात मुलाचं नाव घालू नका. शब्द, वयोगट आणि क्रमांक एवढंच ठेवा. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर व्हिडिओ टाकायचा मोह होईल, तो आवरा.

मग शब्दकोशाशी ताडून पाहा. प्रत्येक खुणेत पाच गोष्टी बघायच्या: हाताचा आकार, हात कुठे ठेवला, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहरा. पाचही जुळल्या तर खूण तीच. एखादीच वेगळी असेल, उदाहरणार्थ हात गालाऐवजी हनुवटीशी, तर तो उच्चारातला फरक समजा आणि सोडून द्या. यात शिक्षक फार वेळ वाया घालवतात. दोन-तीन गोष्टी वेगळ्या असतील तेव्हाच ‘वेगळी खूण’ म्हणून वहीत लिहा. तुमच्या दोनशेतून अशा किती उरतात ते बघितल्यावर मुख्याध्यापकांचाही जीव भांड्यात पडेल.

शब्दकोश शोधताना मराठी शाळांचा एक हमखास घोटाळा होतो. केंद्राच्या ‘साइन लर्न’ ॲपमध्ये शब्द हिंदी किंवा इंग्रजीतून शोधावा लागतो. देवनागरीत ‘शिक्षा’ टाकलं की शिक्षणाची खूण येईल आणि तुम्ही वर्गात दंडाची म्हणून शिकवाल. ‘चेष्टा’, ‘आपत्ती’, ‘संसार’ यांचंही तसंच. म्हणून व्हिडिओतला इंग्रजी शब्द आणि चित्र दोन्ही पाहिल्याशिवाय कोणतीही खूण उचलू नका.

यानंतर शब्दांचे तीन ढीग करा. पहिल्यात ज्यांना मुलांकडे खूणच नाही असे शब्द: प्रकाशसंश्लेषण, अपूर्णांक, लोकसभा. इथे प्रमाण खूण सरळ घ्या. भांडण नाही, नुकसान नाही, आणि एनसीईआरटीची पुस्तकं या भाषेत आणायचा करार ऑक्टोबर २०२० मध्ये झाल्यापासून असं साहित्य वाढतंय. दुसऱ्या ढिगात ज्यांना शाळेची वेगळी खूण आहे ते शब्द. लहान वर्गात मुलांचीच खूण चालू द्या. पाचवीपासून प्रमाण खूण ओळखायला शिकवा, आठवीपासून करायला. पद्धत अशी: आधी शाळेची खूण, मग ‘टीव्हीवर, दुभाषाकडे, परीक्षेत’ असं सांगून दुसरी, मग दोन्ही वापरून एक छोटा प्रसंग. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांमधलं ३१ क्रमांकाचं चॅनेल याच भाषेसाठी सुरू झालंय. आठवड्यातून दोनदा १५ मिनिटं दाखवा आणि ‘आपल्यापेक्षा वेगळं काय दिसलं?’ एवढंच विचारा. मुलं फरक चटकन पकडतात. मुलाचा हात धरून खूण ‘सरळ’ करणं पूर्ण बंद. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखंच आहे ते.

तिसरा ढीग हात न लावण्याचा: माणसांच्या नावांच्या खुणा, गावांच्या खुणा, वसतिगृहातली चेष्टामस्करी.

दुसऱ्या ढिगाबद्दल कोणी ठरवायचं? बधिर प्रौढांनी. पाच-सात जणांची बैठक बोलवा, त्यात निम्म्याहून जास्त माजी विद्यार्थी असू द्या, स्त्रियाही असू द्या. बैठक सांकेतिक भाषेत चालवा. ज्या शिक्षकांना ती येत नाही त्यांच्यासाठी दुभाषी ठेवा, उलट नव्हे. ऐकणाऱ्या शिक्षकांनी कोणता शब्द कुठल्या इयत्तेत लागतो ते सांगावं, खुणेच्या आकारावर मत देऊ नये. एका बैठकीत २० ते २५ शब्दांपलीकडे जाऊ नका. शेवटी सगळे थकून ‘हो हो’ म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात कुणीच ती खूण वापरत नाही.

नवी खूण लागलीच तर ती शिक्षकांनी बनवू नये. शिक्षक बहुधा इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर घेऊन खूण करतात. आपली इंग्रजी बोटलिपी दोन हातांची आहे, ब्रिटिश वळणाची. अक्षर काढण्यातच दोन्ही हात अडकतात आणि अर्थ दाखवायला हात उरत नाही. शिवाय मराठी माध्यमाच्या मुलाला त्या अक्षराशी काय देणंघेणं?

आता एक गोष्ट, जिची तुम्ही चौकशी केली नाहीत पण तुमच्या शाळेत ती असण्याची दाट शक्यता आहे. ‘प्रमाण भाषा’ म्हणून अनेक वर्गांत चालते ती प्रत्यक्षात खुणांत भरलेली मराठी. वाक्य मराठीचं, प्रत्येक शब्दाला एक खूण, वर ‘ला’, ‘चा’, ‘आहे’ यांनाही खुणा. सांकेतिक भाषेचं व्याकरण तसं नाही. ‘मी काल बाजारात गेलो नाही’ हे काल–मी–बाजार–जाणे–नाही असं होतं: वेळ आधी, नकार शेवटी, आणि नकारासोबत मान हलते. ‘तू कुठे राहतोस?’ मध्ये प्रश्नाची खूण शेवटी येते; एकच सर्वसाधारण प्रश्नखूण ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ या सगळ्यांचं काम करू शकते. बाकी चेहऱ्यावरून आणि संदर्भावरून कळतं. हे व्याकरण तुमच्या मुलांना आधीच येतं आणि ते देशभर जवळपास सारखं आहे. मुलगा दिल्लीच्या दुभाषाशी बोलताना अडला, तर सोमवारच्या खुणेवर क्षणभर अडेल आणि पुढे जाईल. शाळेने त्याच्या वाक्यरचनेचाच गोंधळ केला असेल तर मात्र सगळंच अडेल. सुधारायचंच असेल काही, तर शिक्षकांचं व्याकरण सुधारा.

कोर्ट आणि दवाखान्याची तुमची काळजी रास्त आहे. तिथेही कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा समजूतदार आहे. मुलांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, म्हणजे पॉक्सोच्या, कलम ३८ प्रमाणे दिव्यांग मुलाची साक्ष नोंदवताना न्यायालय विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची संवादाची रीत ओळखणाऱ्या कुणाचीही मदत घेऊ शकतं. मूल प्रमाण खुणा करत नाही म्हणून त्याची साक्ष वाया जात नाही. अशा वेळी मुलाच्या खुणा नीट जाणणारा बधिर प्रौढ आणि दुभाषी असे दोघे मिळून काम करतात, आणि तुम्ही केलेली नोंद त्यांच्या उपयोगी पडते. शरीराच्या अवयवांच्या, दुखण्याच्या आणि ‘नको’, ‘जबरदस्ती’ या खुणा म्हणूनच दोन्ही प्रकारच्या यायला हव्यात. या बाबतीत आठवीची वाट पाहू नका, पहिल्या वर्षापासून शिकवा.

फ्लेक्स छापू नका. स्थिर चित्रात हालचाल दिसत नाही. बाण काढले तरी मुलांना आणि नव्या शिक्षकांना तो वेगळाच आकार वाटतो. तेवढ्या पैशात एक स्टँड आणि एक जुना टॅब येईल. भिंतीवर चित्र आणि क्यूआर कोड लावा, स्कॅन केल्यावर आधी शाळेची खूण, मग शब्दकोशातली. शाळेचे व्हिडिओ मोठ्या माणसांचे असू द्या, मुलांचे नकोत.

दहावीच्या वर्गासाठी एक माहिती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा २०२१ पासून भाषेचा विषय आहे. जी मुलं तिकडे बसणार असतील त्यांना प्रमाण खुणा आणि त्यांची नावं दोन्ही पक्की लागतात. त्यांचा वेगळा तास ठेवा, सगळ्या शाळेला त्यात ओढू नका.

आणि सगळ्यांत आधी करायचं काम: शाळेत एक बधिर शिक्षक आणा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, दिव्यांग शिक्षकांसह, प्रशिक्षित करून नेमण्याची तरतूद आहे. दिल्लीच्या केंद्रात सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका खास बधिर उमेदवारांसाठी आहे, आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दुभाषांचं प्रशिक्षण चालतं. दोन्हीकडे पत्र पाठवून ठेवा. पद मंजूर होईपर्यंत एखाद्या माजी विद्यार्थ्याला, जो आज सर्वांत जास्त चिडलाय त्यालाच, आठवड्यातून दोन दिवस बोलवा. पाचवी ते आठवीचा सांकेतिक भाषेचा तास त्याच्याकडे द्या, आणि येण्याजाण्याच्या भाड्यावर भागवू नका. दुभाषाला देता तेवढं मानधन त्यालाही द्या.